तेरेजाची नाताळची रात्र



आपल्यातील अनेकांच्या घरी बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. तसबीर पाहून वाटते, हिचे आयुष्य फुलांतच गेले असावे. तसे मुळीच नाही.

२ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसों येथे तिचा जन्म झाला. नऊ भावंडांत ती धाकटी. त्यांतील चौघे लहानपणीच दगावले होते. ती साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने वारली आणि कुटुंब लिझ्यू शहरात आले. जिला तिने दुसरी आई मानले, ती बहीण पॉलिन १८८२ साली कार्मेल मठात गेली. हसरी तेरेजा पार बदलली. जरा कोणी बोलले की रडायची आणि नंतर आपण रडलो म्हणून पुन्हा रडायची.

१८८६ सालचा नाताळ उजाडत होता. मध्यरात्रीच्या मिस्साहून सगळे घरी आले. तिकडे मुलांचे बूट शेकोटीजवळ ठेवून त्यांत भेटवस्तू घालण्याची प्रथा आहे. तेरेजा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. थकलेले वडील वैतागून बोलून गेले की, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष! जिन्यावर तिने ते ऐकले. डोळे भरले. बहीण सेलिन म्हणाली की, इतक्यात खाली जाऊ नकोस. पण तिने आसवे गिळली, खाली उतरली आणि वडिलांसमोर आनंदाने एकेक भेट उघडू लागली. वडीलही हसू लागले.

घटना एवढीच. घराबाहेर कोणाला कळलीही नसती. तेरेजाने मात्र तिला आयुष्यभर आपले परिवर्तन मानले. बाळ येशूने त्या रात्री तिच्या मनात प्रवेश केला आणि तिचे लक्ष स्वतःवरून उठून दुसऱ्यांकडे गेले. पुढच्याच वर्षी प्रांझिनी नावाच्या खुन्याला देहदंड झाला, तेव्हा ती त्याच्या तारणासाठी प्रार्थना करीत होती. मरणापूर्वी त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले.

१८८८ साली, १५ व्या वर्षी, ती कार्मेल मठात गेली. पण त्या प्रकाशाने अंधार कायमचा हटला नाही. वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १८९६ च्या पवित्र सप्ताहात तिला क्षयामुळे रक्ताची उलटी झाली आणि पास्काच्या दिवसांतच स्वर्गावरील श्रद्धेची गोडी नाहीशी झाली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात अंधार म्हणजे निव्वळ प्रकाशाचा अभाव असे शिकवतात. तेरेजाला तो आकाशाला भिडलेल्या भिंतीसारखा जाणवला. तिने स्वतःच्या रक्ताने विश्वासांगीकार लिहिला आणि तो छातीशी बाळगला. मठाबाहेर न पडलेल्या या धर्मभगिनीला १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर मिशनकार्याची आश्रयदाती केले, ते उगीच नव्हे.

१८९६ चा नाताळ तिचा शेवटचा ठरला. भगिनींसाठी तिने बाळ येशूवर एक गीत रचले. तिच्या मनातील काळोखाची त्यांच्यापैकी बहुतेकींना कल्पनाच नव्हती. नऊ महिन्यांनी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी ती देवाघरी गेली.