लुक अप टू

थर्ड इयरला आमचा मॉक इंटरव्ह्यू होता. पॅनेलवरच्या सरांनी विचारलं, हू डू यू लुक अप टू? मी पडलो मराठी माध्यमातला. लुक म्हणजे बघणे, अप म्हणजे वर. मी वर बघितलं. वर पंखा फिरत होता. म्हटलं, फॅन, सर!

मग काय, पूर्ण क्लास फुटला. लुक अप टू म्हणजे एखाद्याला मोठं मानणं, आदर्श मानणं, हे मला होस्टेलवर गेल्यावर कळलं. त्यानंतर दोन महिने मी वर्गात इंग्रजीत तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. घरी फोनवर मात्र सगळं मस्त चाललंय असं सांगायचो. कॅम्पस इंटरव्ह्यूला बसायचंच नाही, असंही मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशात लायब्ररीत सेमिनारचं पुस्तक शोधताना सॅम्युअल जॉन्सनचं चरित्र हाताला लागलं. इंग्रजीची मोठी डिक्शनरी लिहिणारा तो हाच. म्हटलं, आपला छळ करणारा माणूस आहे तरी कोण, बघू या! (मोठ्या माणसाबद्दल एकेरीत लिहितोय त्याबद्दल माफी असावी, पण आता तो मला आपल्यातलाच वाटतो.)

जॉन्सनचा जन्म 1709 सालचा, इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावातला. वडील पुस्तकविक्रेते, पण धंदा जेमतेम. लहानपणीच गंडमाळांनी गाठलं, चेहऱ्यावर व्रण राहिले आणि नजर कायमची अधू झाली. तरी दुकानातली पुस्तकं त्याने वाचून काढली. 1728 मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. पायातले बूट फाटून बोटं बाहेर आलेली. कुणीतरी दया येऊन दाराशी नवे बूट ठेवले, तर ह्या पठ्ठ्याने ते फेकून दिले! पण मानी स्वभावाने फी भरली जात नाही. तेरा महिन्यांत पैसे संपले आणि डिग्री न घेताच त्याला घरी परतावं लागलं. मित्रांनो, ए.टी.के.टी. लागली तरी आपलं जेवण जात नाही. ह्याचं तर कॉलेजच सुटलं.

वडील बाजारात पुस्तकांचा स्टॉल लावायचे. एकदा आजारी होते म्हणून त्यांनी मुलाला युटॉक्सिटरच्या बाजाराला जायला सांगितलं. जॉन्सनने अभिमानापायी नकार दिला. 1731 मध्ये वडील गेले. म्हातारपणी तो त्याच बाजारात गेला आणि जिथे स्टॉल असायचा तिथे पावसात बोडक्या डोक्याने उभा राहिला. हे वाचलं त्या दिवशी मी घरी फोन केला आणि पंख्याचा किस्सा बाबांना सांगून टाकला. ते पण हसले, पण ते हसणं वेगळं होतं.

नंतर जॉन्सनने शाळा काढली. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याला अंग झटकायची, चेहरा वाकडा करायची सवय होती, ती त्याच्या हातात नव्हती. पोरं हसायची. शाळा बुडाली. त्यातलाच एक विद्यार्थी डेव्हिड गॅरिक. 1737 मध्ये गुरू-शिष्य दोघं नशीब काढायला लंडनला गेले. गॅरिक पुढे त्या काळातला सर्वांत गाजलेला नट झाला आणि मित्रमंडळींत आपल्या गुरूची हुबेहूब नक्कल करायचा. जॉन्सन मासिकांसाठी मिळेल ते लिहून पोट भरत होता. पुन्हा शाळेत नोकरी बघितली, तर डिग्री आडवी आली.

1746 मध्ये लंडनच्या प्रकाशकांनी त्याला डिक्शनरीचं काम दिलं. मोबदला 1500 गिनी, त्यातूनच मदतनिसांचे पगार. तीन वर्षांत संपवतो, असा त्याचा अंदाज. लागली जवळजवळ नऊ. (आमच्या प्रोजेक्टसारखंच!) गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा मदतनीस बसायचे. जॉन्सन पुस्तकं वाचून वाक्यांवर खुणा करायचा, मदतनीस ती वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवायचे. आधी वाक्यं गोळा करायची, मग त्यांवरून अर्थ ठरवायचा, अशी पद्धत. काम चालू असतानाच 1752 मध्ये बायको वारली. शेवटी 1755 च्या एप्रिलमध्ये दोन जाडजूड खंड बाहेर आले. शब्द चाळीस हजारांच्या वर, उदाहरणाची वाक्यं लाखाच्या वर. छपाईच्या आधी ऑक्सफर्डने एम.ए. ही पदवी दिली. जी डिग्री पैशाअभावी हुकली होती, ती अशी घरी चालत आली.

पण माझा खरा फायदा झाला तो त्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेमुळे. त्यात जॉन्सनने कबूल केलंय की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यांत जड जातात ती मोठमोठी अवघड नावं नव्हेत, तर छोट्या क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेल्या जोड्या. नुसता मूळ अर्थ माहीत असून जोडीचा अर्थ निघत नाही, कितीही डोकं चालवा. आज आपण ज्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतो ते हेच. हे नाव बरंच नंतरचं, 1925 च्या सुमारास रूढ झालेलं. जॉन्सनने दिलेल्या उदाहरणांत सेट ऑफ म्हणजे शोभा वाढवणे आणि टेक ऑफ म्हणजे नक्कल करणे. म्हणजे गॅरिक जे करायचा ते टेक ऑफ! आज विमान टेक ऑफ करतं आणि आपण दाराशी चपला टेक ऑफ करतो. नुसत्या टेक ह्या एका शब्दाचे त्याने शंभराहून जास्त अर्थ नोंदवले आहेत.

मग डोक्यात आलं, आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, डोळा लागतो आणि निकालही लागतो. एखाद्या साहेबाला लागणे समजावून सांगा बघू! आपण हे पाठ कधी केलं? घरात, बाजारात वाक्यं ऐकली आणि आलं.

तेव्हापासून मी जॉन्सनची पद्धत उचलली. यादी पाठ करायची नाही, वाक्य पकडायचं. सरांनी सबमिशन पुट ऑफ केलं म्हणजे पुढे ढकललं. रूममेटच्या घोरण्याशी मी पुट अप विथ करतो म्हणजे ते सहन करतो. आग पुट आऊट केली म्हणजे विझवली. दिवसाला तीन वाक्यं, जर्नलच्या मागच्या पानावर.

जॉन्सनचं पुढचं आयुष्यही सरळ गेलं नाही. डिक्शनरीनंतर वर्षभरात, 1756 मध्ये, सहा पौंडांहूनही कमी कर्जापायी त्याला अटक झाली. 1762 मध्ये सरकारी पेन्शन मिळाली तेव्हा कुठे हातातोंडाची गाठ सुटली. 13 डिसेंबर 1784 ला तो गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं आहे. त्याच्या डिक्शनरीत चुकाही होत्या. घोड्याच्या खुरावरच्या भागाला त्याने गुडघा म्हटलं होतं. एका बाईंनी असं का म्हणून विचारलं, तर त्याने सारवासारव केली नाही. निव्वळ अज्ञान, असं सांगून मोकळा झाला. व्हायवाला आपण किती थापा मारतो ते आठवून मला हसू आलं.

कॅम्पसला मी बसलो. एका ठिकाणी प्रश्न कळला नाही, तेव्हा सरळ सांगितलं की सर, हा शब्द मला माहीत नाही. त्यांनी समजावून सांगितलं, मी उत्तर दिलं. नोकरी तिथे नाही लागली, पुढच्या कंपनीत लागली. पण लुक अप टू हा प्रश्न मला परत कुणी विचारलाच नाही. आता उत्तर तयार आहे, आणि त्यासाठी वर पंख्याकडे बघावं लागणार नाही!