देव न मानणाऱ्या आगरकरांचा पक्ष कोणता?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीच्या दिवशी तिथे झाला. समर्थांच्या भक्तीचा आणि राजकारणाचा संबंध कितपत होता, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी तपासत नाही. देव मानणाऱ्याचे एक राजकारण असते, तसे देव न मानणाऱ्याचेही असते का? नास्तिक म्हटला की तो डाव्या विचारांचा, असे आपण बसल्या जागी ठरवून टाकतो. ते कितपत खरे?

या प्रश्नाचे उत्तर समर्थांच्याच वाटेवर सापडते. जांब सोडून निघालेले समर्थ पुढे कृष्णेच्या खोऱ्यात स्थिरावले. चाफळला त्यांनी राममंदिर उभारले. कराडच्या आसपास मसूर, उंब्रज, शहापूर येथे मारुती स्थापन केले. त्याच कराडजवळच्या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. घर गरीब आणि देवभोळे. शिक्षणासाठी या मुलाने कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली आणि अखेर पुण्याचे डेक्कन कॉलेज गाठले. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, अशी त्या दिवसांची आठवण सांगतात.

कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर वाचता वाचता त्यांच्या मनातला घरचा देव हळूहळू मावळला. ते अज्ञेयवादी झाले. देव आहे की नाही हे जाणण्याचे साधन माणसाजवळ नाही, तेव्हा माणसाने माणसाचे सुखदुःख पाहूनच बरेवाईट ठरवावे, अशी त्यांची भूमिका बनली. याच कॉलेजात बळवंतराव टिळकांशी त्यांची मैत्री जमली. दोघांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली. मोठ्या पगाराची आशा धरून बसलेल्या आईला, आपण पैशाच्या मागे लागणार नाही, असे आगरकरांनी पत्राने कळवून टाकले. त्या माउलीला ते पत्र वाचून काय वाटले असेल!

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाविषयीच्या मजकुरावरून दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ साली टिळक-आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. एक ईश्वर मानणारा, दुसरा न मानणारा. पण तुरुंग एक आणि स्वप्नही एकच. त्या स्वप्नातून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. देवाबद्दलच्या मतभेदामुळे या मैत्रीला तडा गेला नव्हता, हे विसरता कामा नये.

तडा गेला तो घरातल्या लेकीबाळींच्या प्रश्नावर. बालविवाह, विधवांचे केशवपन या चाली लोकमत बदलेपर्यंत सोसायच्या, की कायद्याने थांबवायच्या? आधी राजकीय हक्क मिळवायचे, की आधी आपले घर सुधारायचे? आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीची वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली, तेव्हा वाद शिगेला पोचला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हे टिळकांचे म्हणणे. आगरकरांचे म्हणणे असे, की अल्लड पोरीचा जीव वाचत असेल, तर कायदा कोणी केला हे दुय्यम आहे. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

आता पाहा, या लढाईत आगरकरांच्या बाजूला कोण होते? न्यायमूर्ती रानडे. ते तर प्रार्थना समाजाचे, मनोभावे ईश्वर मानणारे! म्हणजे देवाच्या बाबतीत दोन टोकांना असलेली माणसे सुधारणेच्या प्रश्नावर एकत्र आली होती. पुढच्या काळातही हेच दिसते. कॉम्रेड डांगे साम्यवादी होते, सावरकर हिंदुत्ववादी. दोघांचे राजकारण परस्परविरुद्ध. पण सावरकरांनीही आपल्यामागे रूढ धार्मिक विधी नकोत, असे सांगून ठेवले होते. मानवेंद्रनाथ रॉय तर साम्यवाद सोडून मानवतावादाकडे वळले. नास्तिक मात्र अखेरपर्यंत राहिले.

म्हणजे नास्तिकपणा माणसाला कोणत्याही एका पक्षाच्या दारात नेऊन सोडत नाही. मग त्याचा राजकारणाशी संबंधच नाही का? आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. पोथीचा आधार ज्याने स्वतःहून सोडला, त्याला प्रत्येक मताचे कारण द्यावे लागते. आगरकरांनी हे ओझे आयुष्यभर वाहिले. शास्त्रात काय लिहिले आहे, हे त्यांना पुरत नसे. आपल्या पक्षाला काय सोयीचे आहे, हेही पुरत नसे. म्हणूनच इंग्रजी राज्यावर कठोर टीका करणारा हा माणूस त्याच राज्याचा एक कायदा योग्य म्हणू शकला, आणि त्यापायी जिवाभावाचा मित्र गमावून बसला.

हा कठोरपणा त्यांनी घरात आणला नाही, हे विशेष. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांचे देवधर्म, सोवळेओवळे आगरकरांनी बळाने बंद केले नाही. न पटता कोणाला देवापुढे बसवणे जितके चूक, तितकेच न पटता उठवणेही चूक, असाच याचा अर्थ घ्यायचा.

१८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नसताना, ते गेले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला बांधून ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. वर्षानुवर्षे लेखणीने भांडलेल्या मित्राला निरोप देताना त्यांच्या डोळ्यांचे पाणी खळेना, ही आठवण पुण्याने जपली आहे.

जांबच्या रामापुढे हात जोडणाऱ्याने आगरकरांना दुरावा मानण्याचे कारण नाही. शेजारचा देव मानतो की नाही, एवढ्यावरून त्याचे मत कुठे पडेल ते सांगता येत नाही. ते जाणून घ्यायचे, तर त्याच्याशी बोलावेच लागते.