तलम कापडावरून पडले रोगाचे नाव

कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते. सुरुवातीला हा त्रास एका दिवसाचा असतो. पुढे तो रोजचा होतो. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात त्याकडे साधा दमा किंवा बिडीचा खोकला म्हणून सहज दुर्लक्ष होऊ शकते. वैद्यकशास्त्रात मात्र त्याला स्वतंत्र नाव आहे : बिसिनोसिस.

हे नाव दिले फ्रेंच डॉक्टर आद्रियाँ प्रूस्त यांनी. त्यांचा जन्म १८३४ मध्ये इलिए या छोट्या गावात एका दुकानदाराच्या घरी झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे, अशी घरची इच्छा होती. पण ते पॅरिसला जाऊन डॉक्टर झाले. १८६६ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी रुग्णसेवा केली. ही साथ युरोपात कोणत्या वाटेने येते, हे शोधण्यासाठी १८६९ मध्ये सरकारने त्यांना रशियामार्गे इराणला धाडले. मुंबईतील प्लेगमुळे धास्तावलेल्या देशांची १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरली, तेव्हाही फ्रान्सच्या प्रतिनिधींमध्ये ते होते.

साथींइतकेच त्यांचे लक्ष कामगारांच्या आरोग्याकडेही होते. १८७७ मध्ये त्यांनी या रोगाचे नामकरण केले. ग्रीक भाषेत ‘बिसॉस’ म्हणजे जवसाच्या धाग्याचे तलम, उंची कापड. त्याला रोगदर्शक ‘ओसिस’ प्रत्यय जोडला गेला. श्रीमंतांच्या अंगावरच्या वस्त्राचे नाव असे ते विणणाऱ्यांच्या छातीतल्या रोगाला मिळाले.

श्वासाचे दुखणे प्रूस्त यांच्या घरातही होते. थोरला मुलगा मार्सेल याला नवव्या वर्षापासून दमा होता. पुढे तो जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला; धाकटा रॉबेर शल्यविशारद. आद्रियाँ १९०३ मध्ये वारले.

रोगाला नाव मिळाले की त्याची नोंद होते, जबाबदारी ठरते. भारतातही बिसिनोसिसची गणना व्यवसायजन्य रोगांत होते. सुरुवातीलाच धुळीपासून दूर गेल्यास त्रास ओसरतो. उशीर झाला तर फुफ्फुसांचे नुकसान कायमचे राहते. म्हणून खोकला घेऊन दवाखान्यात गेल्यावर आपण काम काय करतो आणि त्रास कोणत्या दिवशी वाढतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.