शल्यविशारद सर जॉन चार्नली

धार किंवा देवास येथील मंडळ्यांत आजाऱ्यांच्या भेटीस गेलो की एक तक्रार आमच्या कानी हमखास पडते. दिवस कसाबसा निघतो, पण रात्र निघत नाही. कूस बदलली की खुब्यात कळ येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. कोणाचा सांधा वयोमानाने झिजलेला असतो, कोणी न्हाणीघरात घसरून हाड मोडून घेतलेले असते. धारच्या आदिवासी भागात तर सिकलसेलच्या आजारामुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. घरची माणसे वाईट नसतात. पण वय झाले, आता सोसायचे, असे म्हणून विषय संपवतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना खुब्याचा सांधा याकोबाच्या गोष्टीतून ठाऊक आहे. त्या रात्रीनंतर तो लंगडत चालू लागला, एवढे आपण मुलांना सांगतो. परंतु लंगडणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते याचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार ज्याने जन्मभर केला, त्या सर जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हांस वाटले.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, बरी या गावी झाला. हा सारा मुलूख कापडगिरण्यांचा. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि आई परिचारिकेचे शिक्षण घेतलेली होती. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ साली ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी शल्यचिकित्सेची एफ.आर.सी.एस. ही मोठी पदवी त्यांनी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून इजिप्तमध्ये होते. तेथे जखमी सैनिकांच्या हातापायांसाठी आधारपट्ट्या व उपकरणे तयार करण्याच्या कारखान्यात त्यांनी काम केले. लोहाराच्या व सुताराच्या कामाची आवड त्यांना मुळातच होती, ती तेथे पक्की झाली. त्यांचा विवाह बराच नंतर, १९५७ साली झाला. युद्धानंतर मँचेस्टरला परतल्यावर, मोडलेली हाडे चाकू न लावता कशी बसवावीत यावरील त्यांचा ग्रंथ १९५० साली निघाला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले.

याच सुमारास त्यांच्या हातून एक धाडस घडले. हाडाचा तुकडा दुसरीकडे बसवला तर तो कसा जुळतो, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नडगीच्या हाडावर सहकाऱ्याकडून प्रयोग करून घेतला. जखमेत पू झाला, हाडाला संसर्ग पोचला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. हे शहाणपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण हाडाचे दुखणे अंथरुणावर पडून सोसणे म्हणजे काय, हे या डॉक्टरला पुस्तकातून शिकावे लागले नाही, एवढे खरे.

त्या काळी खुबा कायमचा बिघडला की उपाय थोडे होते. एक उपाय म्हणजे सांधा जखडून टाकणे. त्याने दुखणे थांबे, पण बसणेउठणे संपे. आपल्याकडे, जेथे जेवण, भजन, शेजाऱ्यांशी गप्पा सारे जमिनीवर चालते, तेथे तर असा माणूस घरातच परका होई. धारला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून किती तरी स्त्रियांची सेवा केली, पण झिजलेल्या खुब्यावर त्या वेळी जगात कोणाजवळच खरा इलाज नव्हता.

काही सर्जन मांडीच्या हाडाचा गोळा काढून तेथे अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवू लागले होते. असाच एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याचा खुबा करकर वाजे. जेवणाच्या टेबलाशी तो पुढे वाकला की तो आवाज येई आणि त्याच्या पत्नीला तो असह्य होई. ऐकणाऱ्याला हसू येईल अशी ही गोष्ट, परंतु चार्नली विचारात पडले. वाजतो त्याअर्थी घासतो, आणि घासतो त्याअर्थी उद्या तो ढिला होणार. निरोगी सांध्याची उखळी आणि गोळा बर्फावर बर्फ घसरावा त्याहूनही सहज फिरतात. तेव्हा उखळी आणि गोळा दोन्ही बदलावे, उखळी अत्यंत गुळगुळीत पदार्थाची करावी, गोळा धातूचा पण लहान ठेवावा म्हणजे घर्षण कमी होईल, असे त्यांनी ठरवले. हे भाग हाडात पक्के बसावेत म्हणून दंतवैद्यांच्या कामात येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सिमेंटासारखा लुकण त्यांनी वापरात आणला. यासाठी ते राइटिंग्टन येथील रुग्णालयात गेले. हे पूर्वी क्षयरोग्यांचे रुग्णालय होते. १९६१ साली तेथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

उखळीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले. आज तव्याला जो न चिकटणारा थर असतो तोच हा पदार्थ. सुमारे तीनशे रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. वर्षानुवर्षे न झोपलेली माणसे शांत झोपू लागली, काठी टाकून चालू लागली. सगळीकडे आनंद झाला. पण दोनतीन वर्षांतच टेफ्लॉन झिजू लागले. त्याचा भुगा सांध्याभोवती साठला, तेथे सूज व गाठी आल्या, सांधे ढिले झाले आणि गेलेले दुखणे परत आले. पुष्कळांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या.

चार्नलींच्या आयुष्यातील ही सर्वांत कठीण वेळ. ज्यांना आपण दुखण्यातून सोडवले तेच लोक पुन्हा दारात उभे, यासारखे दुःख डॉक्टरला दुसरे नाही. येथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. अपयश लपवले नाही, आणि पुढचा पदार्थ आधी स्वतःवर पारखला. टेफ्लॉनचा व दुसऱ्या एका प्लॅस्टिकचा अंश त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतला आणि कित्येक महिने त्यावर लक्ष ठेवले. टेफ्लॉनच्या जागी गाठ वाढली. दुसऱ्या जागी काही झाले नाही. हा अनुभव त्यांनी १९६३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

ते दुसरे प्लॅस्टिक म्हणजे अत्यंत घट्ट विणीचे पॉलिएथिलीन. त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता ते घेऊन आला. कापडगिरणीच्या मागांची दातेरी चाके त्यापासून करीत असत. चार्नलींनी तुकडा नखाने दाबून पाहिला आणि हे काही कामाचे नाही असे ठरवले. परंतु त्यांच्या कर्मशाळेतील हॅरी क्रेव्हन या कारागिराने, चार्नली परदेशी परिषदेला गेले असता, तो तुकडा चाचणीच्या यंत्रावर चढवून ठेवला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चालले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजे तितकेही ते झिजले नाही. परत आल्यावर चार्नलींनी आपले मत बदलले. मोठ्या सर्जनने कारागिराचे ऐकले, हे आम्हांस त्यांच्या पदव्यांहून मोठे वाटते. नोव्हेंबर १९६२ मध्ये या पदार्थाची उखळी प्रथम रुग्णाला बसवली गेली.

एकदा पोळलेला माणूस आता घाई करणार नव्हता. पुढील कित्येक वर्षे त्यांनी आपल्या रुग्णांवर नजर ठेवली, आणि जे सर्जन राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकतील त्यांनाच तो सांधा मिळावा असा नियम केला. जखमेत पू होण्याचे प्रमाण सुरुवातीला शंभरांत सुमारे सात होते. शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेली शुद्ध हवा खेळवणारी बंदिस्त खोली व सर्जनसाठी खास पोषाख त्यांनी करवून घेतला आणि हे प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आणले. आपल्या पश्चात सांधा तपासून पाहावा म्हणून पुष्कळ रुग्णांनी मरणोत्तर आपले खुबे त्यांना देऊ केले. यावरून त्यांच्यावरील विश्वास दिसतो.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाची आहे. शस्त्रक्रिया चांगली झाली की नाही हे केवळ क्ष-किरणाच्या फोटोवरून ठरवू नये, असे ते मानीत. दुखणे, चालणे आणि सांध्याची हालचाल या तिहींना ते एक ते सहा असे गुण देत, आणि त्यांत पहिले स्थान दुखण्याला. न चालताही तीव्र दुखते तो एक. चालू लागताच असह्य होते तो दोन. सोसून थोडेफार काम करता येते तो तीन. श्रमानंतर दुखते पण विसाव्याने लवकर थांबते तो चार. अधूनमधून किंचित दुखते तो पाच. मुळीच दुखत नाही तो सहा. आपल्या घरच्या वृद्धांना डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी त्यांचे दुखणे कितव्या पायरीवर आहे आणि रात्री कितीदा जाग येते हे वहीत लिहून न्यावे. फार दुखते, एवढ्या दोन शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

चार्नलींना १९७४ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले, १९७५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १९७७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी ते वारले. २००७ साली लॅन्सेटने खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया म्हणून गौरवले. २०१९ साली त्याच नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार शंभरांतील सुमारे अठ्ठावन्न कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात.

आज धारच्या आणि देवासच्या माणसाला या इलाजासाठी विलायतेस जावे लागत नाही, इंदूर जवळ आहे. इंदूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. चित्तरंजन रानावत पुढे न्यूयॉर्कला सांधेरोपणाचे नामवंत सर्जन झाले, आणि २००० व २००१ साली मुंबईत पंतप्रधान वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर त्यांनीच शस्त्रक्रिया केल्या. आता दुखण्यासाठी एकाच जबर औषधावर न विसंबता कमरेतून भूल, सांध्याभोवती टोचलेले औषध आणि ठरल्या वेळी गोळ्या असा मेळ घालतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात.

परंतु सर्जनचे काम संपते तेथे घरच्यांचे सुरू होते. शस्त्रक्रियेपूर्वी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने देऊ नयेत. त्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. गावोगाव मिळणाऱ्या दुखण्याच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, आणि त्यानेच खुब्याचे हाड मरते. कोणती औषधे चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारी, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पलंग व खुर्ची उंच करून घ्यावी, उंच कमोडची सोय करावी, वाटेतील सतरंज्या व पायपुसणी उचलावीत.

शस्त्रक्रियेनंतर दुखणे कळस गाठेपर्यंत गोळीसाठी थांबू नये. डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळाव्या. एक वेळ झोपण्यापूर्वी व एक व्यायामापूर्वी येईल असे त्यांनाच विचारून ठरवावे. तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून पाणी, भाजी, फळे द्यावीत. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे शेकावे, उघडा बर्फ कातडीला लावू नये. झोपताना उताणे, दोन पायांमध्ये उशी. कुशीवर केव्हा वळावे ते सर्जनला विचारावे. पायावर पाय टाकणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे सर्जन सांगेपर्यंत बंद. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. पहिले काही आठवडे झोप तुटक लागते, त्याने घाबरू नये. दिवसा डुलकी थोडी, संध्याकाळी चहा नको, रात्री मंद दिवा असावा.

एका गोष्टीविषयी मात्र आम्ही कळकळीने सांगतो. पोटरी सुजली, दुखू लागली तर मायेपोटी तेल लावून चोळू नका. तेथे रक्ताची गुठळी असू शकते. तसे झाल्यास, जखम वाहू लागल्यास, ताप आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे, आणि छातीत दुखून दम लागल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

भेटीस जाणाऱ्यांनी थोडा वेळ बसावे, विसाव्याची वेळ टाळावी. मंदिरात सतरंजीवर बसण्याची रीत असेल तेथे एकदोन उंच, हाताच्या खुर्च्या ठेवाव्यात. खुर्चीअभावी उपासनेला न येणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत.

आणि पुढच्या भेटीत केवळ कसे आहात, एवढेच विचारू नका. रात्री झोप लागली का, हेही विचारा. चार्नलींनी अर्धे आयुष्य या प्रश्नाला दिले. आपल्याला त्यासाठी पाच मिनिटे पुरतील.