वाटाण्याच्या अंकुराने घडवलेला चित्रमहर्षी

मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यात पेरणीनंतर शेतकऱ्याचे डोळे कोंबाकडे लागलेले असतात. परंतु कोंब वाढताना कोणालाच दिसत नाही, वाढल्यावरच दिसतो. डोळ्यांना न दिसणारी ही वाढ पडद्यावर दाखवणारा लघुपट महाराष्ट्रात १९१२ मध्येच तयार झाला होता. त्याचे कर्ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'मुळे अजरामर झाले. त्या यशाचा पाया घालणारी 'अंकुराची वाढ' मात्र उपेक्षित राहिली.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग हे सारे त्यांनी केले. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना आपल्या देवदेवतांना पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांना झपाटले. अहोरात्र केलेल्या प्रयोगांच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत येताच विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी इंग्लंड गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून ते परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल नव्हते आणि या नव्या धंद्यावर कोणाचा विश्वासही नव्हता. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोखून महिनाभराहून अधिक काळ, ठराविक अंतराने एकेक चौकट टिपली. जेमतेम मिनिटभराच्या त्या फितीत दाण्यातून कोंब फुटून त्याची वेल झालेली पाहणारे थक्क झाले. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे धनको कर्ज देण्यास पुढे आले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मवरील प्रक्रियाही शिकून घेतली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ मध्ये पडद्यावर चंद्राची सफर घडवली. विज्ञानपटांच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. 'अंकुराची वाढ' ही काही विज्ञानकथा नव्हे. तीत ना यान आहे, ना परग्रह. परंतु मानवी डोळ्यांच्या मर्यादेपलीकडचे जग कॅमेऱ्याने उलगडायचे, हे विज्ञानपटाचे मर्म तीत पुरेपूर आहे. शिवाय मेलिएस यांचा चंद्र रंगवलेला होता, फाळके यांचा अंकुर खरा होता. काळाला हवे तसे आखडण्याचे हे कसब पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या नाचवताना आणि 'लंकादहन'मधील चमत्कृतीतही उपयोगी पडले.

१९३७ च्या 'गंगावतरण'नंतर फाळके चित्रनिर्मितीपासून दूर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. आज पाटोद्यातील शाळकरी मुलालाही साध्या मोबाइलवर कुंडीतील कोंबाची वाढ टिपता येते. हाच प्रयोग शतकापूर्वी एका कर्जबाजारी माणसाने सारे पणाला लावून केला होता. भारतीय चित्रपटाचा जन्म सांगताना 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी या अंकुराचे स्मरण व्हायला हवे.