अश्वांचा एकहाती रक्षक

दक्षिण आफ्रिकेत उन्हाळ्याच्या अखेरीस घोड्यांवर काळ घाला घालीत असे. १८५४-५५च्या साथीत केप वसाहतीतील सुमारे ७० हजार घोडे दगावले. अंधार पडण्यापूर्वी घोडे तबेल्यात घ्यावेत, एवढाच उपाय शेतकऱ्यांना ठाऊक होता. या ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’शी झुंज दिली सर अरनॉल्ड थायलर यांनी.

स्वित्झर्लंडमधील फ्रिक येथे १८६७ मध्ये जन्मलेले थायलर १८९१ मध्ये पशुवैद्य म्हणून आफ्रिकेत आले. व्यवसाय जमेना, म्हणून त्यांनी शेतावर नोकरी धरली. तेथे कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला. तरीही १८९३ मध्ये जोहान्सबर्गमधील देवीच्या साथीसाठी त्यांनी लस बनवली आणि सरकारदरबारी त्यांचे नाव झाले.

१९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ त्यांनी ऑन्डरस्टेपूर्ट प्रयोगशाळा उभारली. रोगाचा विषाणू आणि संरक्षक रक्तद्रव एकाच वेळी टोचण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ती जोखमीची होती. बरा झालेला घोडाही पुन्हा आजारी पडे. विषाणूचे प्रकार अनेक असल्याचे थायलर यांनी ओळखले.

१९३६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. रोग पसरवणारी डासांहून लहान, रात्री चावणारी चिलटे १९४४ मध्ये त्यांच्याच संस्थेत ओळखली गेली. तबेल्याचा जुना उपाय त्यामुळे शास्त्रशुद्ध ठरला. उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवण्याची पुत्र मॅक्स यांची पद्धत तोवर घोड्यांच्या लशीसाठी वापरली जाऊ लागली होती. डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वरावरील कार्यासाठी मॅक्स यांना १९५१ मध्ये नोबेल मिळाले.