मोडीतून वाचलेला संसार

परवा पांढरकवड्याच्या घरी माळ्यावरचे एक पोते खाली काढले. आत आजीचा अडकित्ता, पाय घासायची वज्री, चुन्याची डबी आणि पोचे आलेला पितळी गुंड. मोड घेणारा तराजू घेऊन दारात उभाच होता. त्याला थांबवले आणि नातीची पेन्सिल घेऊन अडकित्त्याचे चित्र काढू लागलो. पात्याचा बाक, खिळ्याभोवतीचे फूल, आजीच्या बोटांनी गुळगुळीत झालेली मूठ. इतकी वर्षे घरात असलेली ही वस्तू मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. बँकेत तारणाचे दागिने आम्ही वजनावर घेत असू. घडणीचा रकाना आमच्या वहीत नव्हता.

घडणीचा हिशेब ठेवणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्यांचा आणि नाद कवितेचा. कविता ते 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद जडला. राजेरजवाड्यांची तलवार कोणीही जपेल. केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती आणि कुलपे जमवली. पडक्या वाड्यांचे नक्षीदार दरवाजेही आणले. गावोगावची पायपीट आणि पदरचा पैसा यांवर हा संसार उभा राहिला. पत्नी कमलाबाईंची त्यात मोलाची साथ होती.

त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. आपल्या संग्रहाला बापाने त्याचेच नाव दिले. पुढे तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. १९९० साली केळकर गेले.

त्या दालनांतून फिरताना मला नेहमी वाटते, या वस्तू घडवणाऱ्या तांबटा-लोहारांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. त्या वापरणाऱ्या बायकांचीही नाहीत. स्वतः अज्ञातवासी म्हणवणाऱ्या माणसाने या अज्ञातांचे श्रम मोडीत जाऊ दिले नाहीत. ज्याच्या घरात मुलाचे खेळणे मागे उरले, त्याला वापरलेल्या वस्तूची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल.

मोडवाला त्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेला. नातीने विचारले, "आजोबा, हे कुणाचं?" मी चित्राखाली माझ्या आजीचे नाव लिहिले.